कामगाराच्या वतीने कोण बोलणार?

मुंबई इलाख्यात कारखाना कायद्याची अंमलबजावणी कशी चालली आहे, याविषयीच्या १८९२ सालच्या सरकारी अहवालात एक शेरा आहे. त्याचा आशय असा : ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही संघटित संस्था म्हणून अस्तित्वातच नाही. तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमावली नाही. लोखंडे नावाचे गृहस्थ आपल्याकडे येणाऱ्या गिरणी कामगारांना स्वखुशीने सल्ला देतात, एवढेच काय ते.

शेऱ्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. तरीही याच यादी-निधी-नियम नसलेल्या संस्थेने आठ वर्षांपूर्वी, सप्टेंबर १८८४मध्ये, परळला सभा भरवून कामगारांचा अर्ज तयार केला आणि त्यावर साडेपाच हजार सह्या घेतल्या होत्या. तो अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे गेला. एप्रिल १८९०मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मिलओनर्स असोसिएशनने आठवड्याची सुट्टी मान्य केली. आजचा रविवार आपल्याला ज्यांनी मिळवून दिला, त्यांच्याविषयी सरकारदरबारी नोंद झाली ती ‘अस्तित्वात नाही’ अशी.

हा शेरा खोडसाळ नव्हता. लिहिणारा अधिकारी आपल्या परीने काटेकोर होता आणि त्याने विचारलेला प्रश्न आजही सुटलेला नाही : कामगाराच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला आणि तो अधिकार आहे हे ठरवायचे कोणी? व्यवस्थापनशास्त्रात हल्ली ‘एम्प्लॉयी व्हॉइस’ या नावाने मोठा अभ्यासविषय उभा राहिला आहे. मनुष्यबळ विभागासाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत त्यावर स्वतंत्र प्रकरणे असतात. त्या लेखनाला आपल्याकडचा सव्वाशे वर्षांचा अनुभव जवळपास ठाऊकच नाही. मला येथे त्या अनुभवाचा एकच धागा मांडायचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला बोलण्यासाठी जी जी अधिकृत वाट करून दिली गेली, ती बहुतेक वेळा आधीपासून असलेली दुसरी एखादी वाट बंद करण्यासाठी होती.

‘आवाज’ या शब्दाला शास्त्रीय अर्थ मिळाला तो आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७०च्या पुस्तकामुळे. एखाद्या संस्थेचे बिघडले की तिथल्या माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याने मांडले. निघून जायचे किंवा तिथेच राहून बोलायचे. निष्ठा असेल तर माणूस लवकर निघून जात नाही, बोलून पाहतो. हर्शमनला ही कल्पना सुचली ती नायजेरियाच्या रेल्वेकडे पाहताना. जे गिऱ्हाईक तक्रार करून रेल्वे सुधारू शकले असते, ते ट्रककडे वळले आणि रेल्वे तशीच राहिली. पुढे १९८४ साली फ्रीमन आणि मेडॉफ या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी हीच मांडणी कामगार संघटनांना लावली. संघटना असली की कामगार नोकरी कमी सोडतात, कारण त्यांना बोलायला जागा असते, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन.

आता लोखंड्यांच्या अर्जातल्या मागण्या पाहा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास पोटापाण्याची सोय. यातली चौथी मागणी वरवर हिशेबाची वाटते. पण गिरणीमालक पगार मागे ठेवत तो कामगाराने नोकरी सोडू नये म्हणूनच. न सांगता गेला तर अडकलेला पगार बुडाला. म्हणजे हर्शमनचा ‘निघून जाण्याचा’ मार्गही या माणसाला मोकळा नव्हता आणि तो मोकळा करून घ्यायलासुद्धा आधी बोलावे लागत होते. लोखंडे स्वतः मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी होते आणि १८८०पासून ‘दीनबंधु’ चालवत होते. पगार कोणत्या तारखेला होतो याला किती महत्त्व असते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कागदावरच्या संस्थेचे एवढे पुरे. रोजच्या व्यवहारात गिरणीत कामगाराच्या वतीने बोलणारा माणूस होता जॉबर. बायकांच्या खात्यांत नायकीण. कामाला लावायचे त्याने, काढायचे त्याने, रजा त्याच्याकडून, नड लागली तर कर्जही त्याच्याकडून किंवा त्याच्या ओळखीने. त्याबद्दल दस्तुरी द्यायची. जॉबर म्हणजे शोषकच, असे आपल्याकडच्या लिखाणात सरसकट येते आणि त्यात तथ्यही आहे. पण राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकाराने दाखवले, की जॉबरची सत्ता सर्वंकष नव्हती. त्याला आपल्या माणसांचे ऐकावे लागे. नाही ऐकले तर माणसे दुसऱ्या जॉबरकडे जात आणि संप झाला तर तोही कित्येकदा माणसांबरोबर बाहेर पडे. साहेबाला कामगाराची भाषा येत नव्हती, मॅनेजर खात्यात क्वचित फिरके. वर जाणारा निरोप आणि खाली येणारा हुकूम, दोन्ही या एकाच माणसाच्या तोंडून जात.

याचा एक पुरावा सरकारी आकडेवारीतच आहे. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढले आणि त्याच वर्षीपासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केले. त्यात दर महिन्याच्या संपांचे कोष्टक असे आणि कारणांचे रकाने ठरलेले असत : पगार, बोनस, रजा व कामाचे तास, इतर, आणि ‘पर्सोनेल’. आज हा शब्द ऐकला की एखाद्या खात्याची पाटी डोळ्यांपुढे येते. गॅझेटच्या रकान्यात त्याचा अर्थ वेगळा होता. अमक्याला कामावरून काढले त्याला परत घ्या, तमक्या जॉबरला हटवा, हा मुकादम नको, अशा माणसांवरून झालेल्या संपांचा तो रकाना. एका खात्यातले शे-दीडशे लोक सकाळी माग बंद करून उभे राहतात, दुपारी परत कामाला लागतात. मागणी मान्य झाली की नाही एवढेच कोष्टकात कळते. संघटनेचे नाव बहुधा नसतेच. कंटाळवाणी दिसणारी ही कोष्टके ‘व्हॉइस’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा सलग वाचावीत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

१९२८ साली चित्र बदलले. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, असा गिरणीमालकांचा रोख होता. त्याविरुद्ध एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने सार्वत्रिक संप झाला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर राहिले. त्या संपात जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनची, म्हणजे लाल बावट्याची, सभासदसंख्या वर्षाअखेर सरकारी आकड्यांनुसार ५४,००० झाली. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणी कामगार होते. पण सभासदसंख्येहून महत्त्वाची होती ती गिरणी समित्यांची कल्पना. प्रत्येक गिरणीत कामगारांनी आपली समिती निवडायची, तक्रार तिच्याकडे न्यायची आणि तिने थेट मॅनेजरशी बोलायचे. जॉबरला वळसा घालून जाणारी ही पहिली वाट. मालकांना ती मान्य होणे शक्यच नव्हते आणि अनेक जॉबरांनाही ती नको होती. मार्च १९२९मध्ये मीरत खटल्यासाठी श्रीपाद अमृत डांगे, आळवे आणि इतर पुढारी पकडले गेले. त्या वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला, समित्या मोडल्या.

समित्यांचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरू नये. विणाई खात्यात, म्हणजे जिथे पगार चांगला होता तिथेच, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि बाटण्याची भीती सवर्ण विणकरांना होती. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे नेटाने मांडला, तेव्हा कोठे त्याची दखल घेणे त्यांना भाग पडले. सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या संघटनेतही कोणाचा तरी आवाज दबलेला असू शकतो. आजच्या शोधनिबंधांत हे फार जड शब्दांत येते. गिरणगावात ते धोट्याच्या दोऱ्याइतके साधे होते.

याच सुमारास हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला रॉयल कमिशन आले. त्याचे अध्यक्ष जे. एच. व्हिटली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये मालक आणि कामगार यांच्या संयुक्त मंडळांची योजना ज्यांच्या समितीने सुचवली, तेच हे व्हिटली. कमिशनवर ना. म. जोशी सभासद होते. त्याच्यावर बहिष्कार घालावा की नाही, हे १९२९च्या नागपूर अधिवेशनात आयटक फुटण्याचे एक कारण ठरले. कमिशनने १९३१च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा आणि बडतर्फीचा अधिकार काढून घ्यावा असे सांगितले. त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावा आणि तो कारखान्याच्या जनरल मॅनेजरखेरीज कोणाच्या हाताखाली नसावा, अशी शिफारस केली.

ही शिफारस मुंबईत वेगळ्याच वळणाने अमलात आली. १९३४ साली पुन्हा सार्वत्रिक संप झाला. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांत समेट घडवण्याचा कायदा केला. त्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आणला. कामगारांच्या हितावर लक्ष ठेवणे आणि त्यांची गाऱ्हाणी मालकांपुढे मांडून ती दूर करवून घेणे, हे त्याचे काम. मिलओनर्स असोसिएशननेही आपला लेबर ऑफिसर नेमला. म्हणजे कामगाराच्या वतीने बोलणारा माणूस आता पगारी होता, पण त्याचा पगार कामगार देत नव्हता. सरकारी अधिकाऱ्याने कित्येक गाऱ्हाणी खरोखर दूर केली असणार, त्याविषयी मला शंका नाही. युनियनचा आक्षेप वेगळा होता आणि तो मला रास्त वाटतो. तुमची गाऱ्हाणी आम्ही सांगू, असे म्हणणाऱ्याला कामगार बदलू शकत नव्हता.

योगायोगाची गोष्ट अशी, की याच वर्षांत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात आधुनिक मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पाया घातला जात होता. तिथे १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरीव प्रश्न विचारले जात, नंतर कामगाराला हवे ते बोलू देण्याची पद्धत आली. एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातून निष्कर्ष काढला, की तक्रार शब्दशः घेऊ नये, ती मनातल्या दुसऱ्याच कशाची तरी खूण असते. नुसते ऐकून घेतल्यानेही माणसाला बरे वाटते. मानसशास्त्र म्हणून यात तथ्य असेल. पण ‘तीन माग चालवणे जमत नाही’ या तक्रारीचा गूढार्थ काय शोधायचा?

१९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे नवे विधेयक आणले. समेटाची सगळी पायरी-पायरीची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी संप केला तर तो बेकायदा आणि त्याला शिक्षा. विधिमंडळात आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी आणि संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झाले.

त्यावर कळस चढवला १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने. गिरणगावाच्या पुढच्या इतिहासाची किल्ली या कायद्यात आहे. एका शहरातल्या एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक संघटना’. ती ठरायची सभासदसंख्येच्या नोंदीवरून, कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे. एकदा ती ठरली की वाटाघाटी तिने करायच्या, करार तिने करायचा आणि तो सर्वांना लागू, तिचा सभासद नसलेल्यांनाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे स्थान इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले आणि ते कायम राहिले. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी सुमारे दोन महिने संप चालवला, पुढे डांग्यांची युनियन पुन्हा उभी राहिली, १९७४ साली मोठा संप झाला. रस्त्यावर कामगार कोणाबरोबर आहेत हे दिसत होते. टेबलापाशी खुर्ची मात्र दुसऱ्याची होती.

या कायद्याची धार किती होती हे १९६२च्या एका निकालातून कळते. त्या वेळी तोच कायदा गुजरातेतही लागू होता. तिथल्या एका गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रातिनिधिक संघटना न्यायालयापुढे उभी राहिली की कामगाराला स्वतः उभे राहता येत नाही. संघटना प्रामाणिकपणे वागते आहे की नाही, हा मुद्दा तिथे गैरलागू. कामगारांना ती नको असेल तर तिची नोंदणी रद्द करवून घ्यावी. कायद्याच्या शब्दांशी हे अगदी सुसंगत होते. १८९२च्या अधिकाऱ्याला हवी असलेली यादी, निधी, नियमावली, सगळे आता होते. ज्याच्यासाठी ते सगळे उभारले, तो कामगार मात्र न्यायालयाच्या दाराबाहेर.

ऑक्टोबर १९८१मध्ये बोनसवरून असंतोष उसळला तेव्हा काही गिरण्यांचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले. तुम्ही आमचे पुढारीपण घ्या, असे त्यांनी सांगितले. सामंत तोवर इंजिनीअरिंग आणि औषध कंपन्यांतल्या पगारवाढींसाठी गाजले होते आणि गिरणीधंद्यात पडायला फारसे उत्सुक नव्हते. संघटनेने कामगार गोळा करावेत ही नेहमीची रीत. इथे कामगारांनी पुढारी गोळा केला. १८ जानेवारी १९८२ रोजी साठेक गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगार, बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. पण सर्वांत वर होती ती १९४६चा कायदा रद्द करण्याची आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढण्याची मागणी. पगारावर कदाचित तडजोड झालीही असती. मान्यतेच्या प्रश्नावर मालक, राज्य सरकार आणि दिल्ली यांच्यापैकी कोणीही हलायला तयार नव्हते. सामंतांशी बोलायचे कसे, कायद्याप्रमाणे ते कोणीच नव्हते!

संपाची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. कामगार गावी गेले, भांडी विकली, पोरांच्या शाळा सुटल्या. हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या लोकांच्या मुलाखती घेऊन जो मौखिक इतिहास सिद्ध केला, त्यात हे जग त्या माणसांच्या शब्दांत वाचता येते. सामंतांचा हट्ट, मालकांना जमिनीत दिसू लागलेला पैसा, यंत्रमागांची स्पर्धा, अशी पराभवाची कारणे आपण मोजतो, आणि ती सारी खरी आहेत. हा संप मुळात कोणी बोलायचे यावरून होता, ही गोष्ट मात्र त्या यादीत मागे पडते.

दरम्यान १९३४च्या त्या लेबर ऑफिसरचे काय झाले? १९४८च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याला शिकवून तयार करणाऱ्या संस्थांत १९३६ साली निघालेली, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालेली संस्था अग्रणी होती. या कल्याण अधिकाऱ्याच्या शेजारी पर्सोनेल मॅनेजर आला आणि पुढे दोघांवर एचआरची पाटी लागली. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर कामगारांच्या कारखान्यात दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची कार्यसमितीही सांगितली. बहुतेक ठिकाणी तिच्यापुढे कँटीन आणि पंखे एवढेच विषय आले. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, हे तत्त्व १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने मार्गदर्शक तत्त्वांत घातले गेले. आणीबाणी चालू होती, संपांना बंदी होती. सहभागाचे कलम नेमके तेव्हाच यावे, हे गॅझेटची कोष्टके वाचलेल्या माणसाला फारसे नवल वाटत नाही.

अलीकडच्या संशोधनात ‘व्हॉइस’चे दोन संसार झाले आहेत. संघटनात्मक वर्तनाच्या अभ्यासकांच्या लेखी व्हॉइस म्हणजे कर्मचाऱ्याने कंपनीच्या भल्यासाठी आपणहून केलेली सूचना. त्यात तक्रार बसत नाही, संप तर नाहीच. औद्योगिक संबंधांचे अभ्यासक याला हरकत घेतात. मायकेल बॅरी आणि एड्रियन विल्किन्सन यांनी २०१६च्या एका निबंधात विचारले, की हा आवाज समाजहिताचा आहे की फक्त व्यवस्थापनाच्या हिताचा? प्रश्न अचूक आहे. आपल्याकडच्या व्यवस्थापन संस्थांत मात्र, माझ्या वाचनापुरते, पहिल्याच पंथाचे अनुकरण जास्त दिसते : प्रश्नावली, पाच पर्याय, काही शे उत्तरे आणि सहसंबंधाचे गणित. या प्रश्नावलीत ‘तुमच्या वतीने बोलणारा तुम्ही निवडला आहे का’ हा प्रश्न माझ्या पाहण्यात आलेला नाही.

संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणारी संघटना ठरवण्याचा नियम आला. ज्या संघटनेला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा, ती एकमेव. तेवढा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद. १९४६च्या मानाने पाऊल पुढे आहे, हे मान्य करायला हवे. टक्केवारी मोजायची ती त्या आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या कामगारांची. ज्या कारखान्यांत आज यंत्रापाशी उभी असलेली पुष्कळशी माणसे ठेकेदाराकडून आलेली असतात, तिथे त्यांची नावे असतात ती ठेकेदाराच्या हजेरीपटावर.